बॉल मोरीकडं जाते

१२ जानेवारी, सोमवार

वैशाली ऑफिसमधून आली तं एका हातात पर्स, दुसऱ्या हातात लोखंडी काठी अन् काखेत हिरव्या कापडाची वळकटी. मले वाटलं, सूनबाईनं कोणाच्या मांडवातली चटई उचलून आणली.

म्हणे, "आई, हे गोल्फचं आहे. मोठे फटके नाही मारायचे. हळूच ढकलून बॉल छिद्रात टाकायचा. पटिंग म्हणतात त्याले."

म्हटलं, "ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात कामं सरली का तुमची?"

मोठा साहेब गोल्फ खेळते म्हणे. फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी सगळ्यायले मैदानावर नेणार. दोघा-दोघांची जोडी.

"तुही जोडी कोणासंग?"

"निलेश सर आहेत ना आमच्याकडचे." अन् उठून स्वयंपाकघरात गेली. गॅसवर काहीच नव्हतं.

१३ जाने.

हॉलमधी तो हिरवा पट्टा अंथरला, दारापासून टीव्हीपर्यंत. मी रोज जिथून आंगण झाडाले निघतो तीच वाट अडवली. पलीकडच्या टोकाले स्टीलचा गिलास आडवा ठेवला, तो खड्डा. माझी नात स्वरा बॉल आणून द्याले बसली. पाचवीत आहे, अभ्यास सोडून काहीही कर म्हटलं की तयार.

टुक. गेला डावीकडं. टुक. परत डावीकडं. सगळे बॉल मोरीच्या अंगाले.

वैशाली म्हणे, "हात वाकडा जातो माझा."

मी लसूण सोलत होती. सोलत राहिली.

१४ जाने. संक्रांत

वस्तीत घरोघर हळदीकुंकू. आमच्याकडं बोलावणं नाही, कोणी वाण घेऊन येत नाही. घरात बायका दोन अन् दोघीही बिनाकुंकवाच्या. माझं ठीक आहे, माझं वय झालं. माझा पोरगा राजू गेला तवा वैशाली बत्तीसची होती.

स्वरा विचारे, "आई काहून नाही गेली?" म्हटलं, टाचा दुखतात तिच्या.

टाचा दुखणारी बाई संध्याकाळभर उभी राहून टुक टुक करत होती. शेजारच्या खिडकीतून बायकायचं हसणं येऊन राहिलं. हिनं एकदाही तिकडं मान नाही वळवली. तिळगूळ मी केला होता, कडक झाला. कोणाले तोंड उघडा लागलं नाही, बरं झालं.

१७ जाने. शनिवार

फोनवर बोलत बोलत काठी चालवून राहिली होती. "हो… नाही… पुन्हा डावीकडेच." मंग हसली.

राजू गेल्यावर ती हसली नाही असं नाही. हसते. पोरीसंग हसते, टीव्ही पाहून हसते. पण हे हसणं फोन ठेवल्यावरही तोंडावरून उतरलं नाही. कणीक मळेपर्यंत होतं.

मले समजलं. मोतीबिंदू काढून दोन वर्षं झाली, दिसते मले.

१९ जाने.

आज लिहूनच टाकतो. ती गेली तं पोरीले घेऊन जाईन. मंग ह्या घरात मी अन् फ्रिज. फ्रिज तरी घरघर करते.

२० जाने. मंगळवार

संगीताचा फोन, कुहीवरून. माझी पोरगी, पण बोलते सासूसारखी. हिच्या जावेनं म्हणे वैशालीले सीताबर्डीले पाहिलं, कोणा माणसासंग, बुटाच्या दुकानात.

"गोल्फचे बूट घेत असन," मी म्हटलं.

"आई, तू भोळी आहे का? पाट लावते तुही सून, दुसरं घर करते."

"लावू दे मंग. आपल्यात लावत नाहीत का?"

"लावतात ना. मी कुठं नाही म्हणून राहिली. पण रीतीनं लाव म्हणा. लेकरू ज्याचं त्याच्या घरी राहते. स्वरा राजूची आहे, ती तुझ्याजवळ राहीन. वैशाली एकटी जाऊ दे."

मी म्हटलं, दूध उतू जाऊन राहिलं, ठेवतो. दूध सकाळीच तापवून झालं होतं.

२१ जाने.

काल झोप नाही लागली. संगीताचं ते वाक्य डोक्यात. वाईट हे की मले ते बरं वाटलं.

माझी सासू पाटाची होती. पहिल्या घरी एक पोरगा ठेवून आली होती. मी लग्न होऊन आली तवा तो चांगला मिशीवाला गडी झालता. बाजाराले आला की आमच्या फाटकाशी उभा राहे. आत पाय टाकत नसे. सासू बाहेर जाऊन म्हणे, "बसा. पाणी घ्या." पोटच्या पोराले अहो-जाहो. तो पाणी पिऊन लोटा खाली ठेवे अन् निघून जाय. मंग सासू तो लोटा राखेनं घासत बसे, घासून झाला तरी घासे.

तवा मी नवी होती. मले ते गमतीचं वाटे.

२२ जाने. गुरुवार

दुपारी घरी कोणी नाही. काठी सोफ्यामागं उभी होती. म्हटलं, पाहू तं खरं काय आहे त्याच्यात.

उभं कसं राहावं तेच समजेना. लुगडं मधी येते. पदर खोचला, काठी विळ्यासारखी धरली, जमेना. मंग झाडूसारखी धरली, जमली. गिलासाकडं नाही मारला. दिवाणाच्या पायाकडं मारला, उजवीकडं. बॉल दिवाणाकडं गेला, वळला, गिलासात जाऊन ठण्ण वाजला.

काही कला नाही त्याच्यात. ह्या फरशीवर पाणी टाकून मी हयात घातली. हा हॉल आधी आंगण होता. राजूच्या बाबांनी छप्पर टाकून वर फरशी बसवली तवा गवंड्याले मीच सांगतलं होतं, ढाळ तसाच राहू दे, बादलीभर पाणी टाकलं की आपल्या पायानं मोरीत गेलं पाहिजे. पाणी जाते तसा बॉल जाते.

अजून मारले. गिलास वाजला की बरं वाटते, खोटं काहून बोलू. स्वराची शाळेची व्हॅन वाजली तवा काठी जागेवर ठेवली.

२४ जाने.

वैशालीचे बॉल पडू लागले. तीही दिवाणाच्या पायाकडं मारते आता. म्हणे, "आई, पहा, हात सुधारला." स्वरा टाळ्या पिटते.

हात नाही सुधारला बाई. तू आमची फरशी शिकली. मैदानावर आमची फरशी नसते.

जिभेवर आलं होतं. नाही बोलली.

२६ जाने.

स्वरानं शाळेत भाषण केलं, मधी विसरली, तरी पुढं म्हटलं. माझ्यावर गेली.

वैशाली झेंडावंदनाले ऑफिसात गेली, येतानी संत्र्यायची थैली. "निलेश सरांच्या बगिच्यातली. काटोलचे आहेत ते. तिथून बसनं येतात रोज."

"घरी कोण कोण आहे त्याच्या?"

"आई आहे. बायको होती, सोडून गेली. लेकरू नाही."

एवढं सगळं तोंडपाठ. मी संत्रं सोललं. मृगाचा बहार. साल सुटसुटीत, रस गोड, बिया कमी. खोड काढाले जागाच नव्हती. दुसरं सोललं, म्हटलं ह्याच्यात सापडन. त्याच्यातही नाही.

२८ जाने.

काहून नाही सांगत मी तिले? विचारून पाहिलं स्वतःले. सांगतलं तं काय होईन, पट्टा फिरवून टाकन, नीट शिकन, रविवारी जिंकन, दोघं एका फोटोत हसतीन. नाही सांगतलं तं हरन. हरली तं ओशाळन, तो दुसऱ्या कोणाले जोडीले घेईन, काठी परत ऑफिसात जाईन अन् माझी वाट मोकळी होईन.

इतकं साधं नसते हे मले समजते. तरी.

३१ जाने. शनिवार

उद्या मैदान. पांढरे बूट घालून हॉलमधी चालून पाहिलं. स्वरालेही नेणार आहे.

झोपायच्या आधी मले म्हणे, "आई, तुम्हीही चला. डबे सगळ्यायचे आहेत."

म्हटलं, "मी काय करू तिथं, गवत कापू?"

तिनं आग्रह केला नाही. केला असता तं कदाचित तोंडून निघून गेलं असतं.

१ फेब्रुवारी, रविवार

चार वाजता आल्या. वैशालीनं बूट दारातच काढले, सरळ न्हाणीत गेली. बराच वेळ पाणी चालू.

स्वरानं सांगतलं. "आजी, आईचे सगळे बॉल उजवीकडं गेले. एकही नाही पडला. मोठे साहेब म्हणाले, मॅडम, छिद्र इकडं आहे. सगळे हसले. निलेश काका नाही हसले. आम्ही शेवटून पहिले आलो."

मी वरणफळं केली होती. वैशालीले आवडतात. ताटात घेऊन चिवडत बसली. म्हणे, "घरी तं पडत होते."

मले तिचं तोंड पाहवत नव्हतं म्हणून मी लोणच्याची बरणी शोधाले उठली. बरणी समोरच होती.

३ फेब्रु.

काठी परत गेली नाही. सोफ्यामागंच आहे. वैशाली तिच्याकडं पाहत नाही. फोनवर दबून बोलते, दाराबाहेर छपरीत जाऊन. हसणं नाही.

मले पाहिजे होतं तेच झालं.

८ फेब्रु. रविवार

तो आला. काल सांगून ठेवलं होतं वैशालीनं, "निलेश सर येतील, पट्टा पाहायला. कुठं चुकते ते पाहतो म्हणाले." मी म्हटलं, येऊ दे, घर काही झाकून ठेवलं नाही.

चाळिशीचा, पोट थोडं पुढं, केस तेल लावून बसवलेले. दारात चप्पल काढून सरळ लावली. मले वाकून नमस्कार केला, "काकू." संत्री नाही आणली, तेवढी अक्कल आहे.

चहा झाला. काठी घेऊन उभा राहिला. मारला, डावीकडं गेला. पुन्हा मारला, पुन्हा तिकडंच. मंग काठी ठेवून दिली, गुडघे टेकले, पट्टा बाजूले सारून बॉल नुसता फरशीवर ठेवला अन् हात काढून घेतला.

बॉल थोडा वेळ विचार करत राहिल्यासारखा थांबला. मंग निघाला. दिवाणाकडं पाठ करून, फ्रिजच्या बाजूनं, सरळ मोरीच्या जाळीवर जाऊन बसला. स्वरा लोळून लोळून हसली.

तो म्हणे, "वैशालीजी, तुमचं काही चुकलं नाही. तुमची फरशी चुकली."

अन् माझं तोंड उघडलं. "फरशी काहून चुकन? ढाळ मी ठेवायला लावला. पाणी टाकलं की निघून गेलं पाहिजे."

तो माझ्याकडं पाहे, मंग खाली पाहे. वैशाली माझ्याकडंच पाहत राहिली.

फरशीची बाजू घेतली अन् स्वतः उघडी पडली. दुसऱ्या कोणत्या बाईनं असं केलं असतं तं मी वर्षभर हसली असती.

तो गेल्यावर स्वरा खेळाले बाहेर पळाली. वैशाली कपाचे कान पुसत पुसत म्हणे, "तुम्हाले माहीत होतं."

"हव."

"पहिल्या दिवसापासून?"

"हव."

"मंग सांगतलं काहून नाही?"

"तू सांगतलं का मले? नुसतं पटिंग पटिंग."

तिनं कप खाली ठेवला. रडली नाही. मले वाटलं होतं रडन. म्हणे, "मी सांगणार होती. तुम्ही कधी ऐकाल असं वाटलंच नाही."

"मंग सांग आता."

सांगतलं तिनं. दोघांचं ठरत आलं आहे. काटोलले त्याचं घर आहे, तिथं राहायचं. स्वराले तिथल्या शाळेत टाकायचं. माझं काय ते मात्र सांगतलं नाही. मीही विचारलं नाही.

९ फेब्रु.

सकाळी दोघी जणी एकमेकींच्या मागून पुढून फिरून राहिलो होतो. डबा भरताना तिनं एकदाच म्हटलं, "लोक हसले आई माझ्यावर." मी म्हटलं, "हव." दुसरं काय म्हणू. माफी मागणं मले येत नाही, शिकवलं नाही कोणी. तिच्या डब्यात कोथिंबीर भरलेली सांबारवडी जास्तीची टाकली. ती तिनं काढून ठेवली नाही.

१२ फेब्रु. गुरुवार

आमच्या घरात सपाट जागा एकच, माझी खोली. ती आधीपासून खोलीच होती, आंगण नव्हतं. हे वैशालीलेही आता समजलं असन, पण विचारत नाही. काठी सोफ्यामागं अन् ती सोफ्यावर.

संध्याकाळी मीच स्वराले म्हटलं, धर वं पलंगाचा पाय. दोघींनी ढकलत भिंतीले लावला. पलंगाखालून राजूची एक चप्पल निघाली, एकच. स्वरा म्हणे, "ही कोणाची?" म्हटलं, "तुझ्या बाबाची. फेक बाहेर, कुत्र्यानं दुसरी कधीचीच नेली." तिनं फेकली नाही. दप्तराच्या कप्प्यात ठेवली की काय कोण जाणे.

वैशाली आली, खोलीत पट्टा अंथरलेला पाहिला. कपडे बदलून आली अन् काठी घेतली.

मी विचारलं, "मैदान झालं, साहेब गेला. आता कोणासाठी?"

"माझ्यासाठी. आवडते मले."

बरं.

१५ फेब्रु. शिवरात्र

उपास. संगीता कुहीवरून पहिल्या बसनं आली, साबुदाणा खाऊन अंगात बळ आल्यावर मुद्द्याले आली. वैशाली देवळात गेली होती.

"आई, तू बोलली का नाही? पोरगी ठेवून घे. तुले म्हातारपणाले कोणी पाहिजे का नाही? अन् तो परका माणूस, आपल्या पोरीले काय जीव लावणार? बाबाच्या आईचं झालं तेव्हा कोणी म्हटलं का काही? रीतच आहे."

म्हटलं, "माझ्या सासूचं नाव नको घेऊ. तुनं पाहिली नाही ती."

"मंग देऊन टाकते का स्वराले?"

"देऊन टाकाले ती काय कोथिंबिरीची जुडी आहे?"

"तं मंग ठेव."

मी ठेवतो असंही नाही म्हटलं अन् जाऊ देतो असंही नाही म्हटलं. उपासाच्या दिवशी इतकं बोलणं झालं हेच खूप. तेवढ्यात पाहिलं, स्वरा दाराच्या आडोशाले उभी, हातात बॉल.

१६ फेब्रु.

स्वरा बोलत नाही. माझ्याशी नाही, आईशीही नाही. बॉल आणून द्याले बसत नाही. व्हॅनमधी चढताना मागं नाही पाहिलं.

वैशाली विचारे, "काय झालं हिले?" मी सांगतलं, काय झालं ते. सगळं. संगीता काय बोलली ते. ती ऐकत राहिली, पोळी तव्यावर काळी झाली.

"अन् तुम्ही काय म्हणाल्या?"

"कोथिंबिरीची जुडी म्हणाली."

"म्हणजे?"

म्हणजे काय ते मले तरी कुठं माहीत.

१८ फेब्रु. बुधवार

शाळेतून आल्यावर स्वरा माझ्या पलंगावर येऊन बसली. पाय हलवत. म्हणे, "आजी, तिकडं राहायचं का इकडं, हे मले कोणी विचारणार आहे का?"

म्हटलं, "तुले काय पाहिजे?"

"दोन्ही."

"दोन्ही नसते."

"काहून नसते? बस जाते ना काटोलले."

दहा वर्षाची पोट्टी. मी तिले संत्रं सोलून दिलं, सालीचा फवारा डोळ्यात उडाला म्हणे, अन् डोळे पुसत बसली. संत्रं तं मी सोललं होतं.

२० फेब्रु.

दुपारी खोलीत काठी घेतली. पट्टा सपाट, गिलास समोर. सरळ मारायचं, एवढंच. मारला तं उजवीकडं. परत उजवीकडं. कितीदा मारला, हात आपोआपच उजवीकडं जाते. ज्या ढाळावर मी वैशालीले चुकू दिलं त्याची सवय मलेही लागली.

एकटीच हसली. मंग पलंगावर पडून राहिली, काठी छातीवर आडवी, तिरडीवर बांधल्यासारखी. उठली मंग. असं पडून राहाले वेळ कुठं आहे, दळण आणायचं होतं.

२२ फेब्रु. रविवार

निलेश आला. ह्या वेळेस बोलायलेच आला होता. वैशाली आत, मी अन् तो छपरीत.

"काकू, तुम्हीही चला आमच्यासोबत. घर मोठं आहे. आई एकटीच असते तिथं."

"तुह्या आईले विचारलं का, की अजून एक म्हातारी चालन?"

"विचारलं. म्हणाली, बोलायला कोणी तरी होईन."

"माझ्यासंग बोलणं म्हणजे काय ते तिले माहीत नाही." मंग म्हटलं, "मी सामान नाही गा, ट्रकमधी टाकून न्यायला. माझं घर इथं आहे. मी इथंच राहतो."

तो हसला नाही, आग्रहही केला नाही. मंग म्हणे, "अन् स्वरा?"

"तुह्या मनात काय आहे ते सांग आधी."

"मी तिचा बाप होईन असं नाही म्हणत. तिचा बाप होऊन गेला. ती आईजवळ राहावी असं मले वाटते. पण तुमच्या घरची पोरगी आहे. तुमच्या शब्दाबाहेर मी नाही."

वाईट बोलला असता तं किती सोपं झालं असतं.

२५ फेब्रु.

संगीताचा फोन. उचलला नाही. पुन्हा आला. पुन्हा नाही उचलला. तिसऱ्यांदा उचलून म्हटलं, मी अजून मेली नाही, मेली की स्वरा कळवन. ठेवून दिला.

माझ्या बाजूनंही बोललं पाहिजे कोणीतरी, म्हणून लिहितो. राजू गेल्यावर ह्या पोरीले मी न्हाऊ घातलं, वेणी घातली, तापात रात्र रात्र बसली. वैशाली नोकरीले जाय. पोरगी पहिल्यानं सायकल शिकली ते माझ्या हाताले धरून, मी पळत होती मागं, ह्या गुडघ्यानं. राजूचं म्हणून जगात जे काही उरलं ते हीच. मी ठेवून घेतो म्हटलं तं वस्तीत कोणी मले वाईट नाही म्हणणार. उलट म्हणतील, बाईनं घर राखलं.

अन् मंग ती पोरगी फाटकाशी उभ्या उभ्या आईले भेटन. वैशाली तिले म्हणन, बस, पाणी घे.

२७ फेब्रु. शुक्रवार

वैशालीचे बॉल आता सपाट जागेवरही पडतात. गिलासाची जागा बदलली तरी पडतात. ही खरी शिकली. मी पलंगावर बसून पाहत होती. स्वरा पुन्हा बॉल आणून देऊन राहिली, पण मुकी.

वैशाली काठी भिंतीले टेकवून माझ्याजवळ बसली. "आई, रविवारी काटोलले जाऊन येतो आम्ही. त्यांच्या आईले भेटायले. स्वराले नेऊ का?"

आजवर तिनं पोरीले कुठं न्यायचं ते मले विचारलं नव्हतं. सांगत असे.

"एका दिवसासाठी ने," मी म्हटलं.

"आई." तिनं माझा हात नाही धरला, आम्ही तशा नाही. "मी तुमच्यासंग भांडणार नाही. कोर्ट-कचेरी नाही करणार. स्वराचं काय ते तुम्ही सांगा. तुम्ही म्हणाल तसं. पण मनात ठेवून नका राहू, मागच्यासारखं. रविवारी आली की सांगा."

भांडली असती तं बरं झालं असतं. भांडणात मी कोणाले हरत नाही.

१ मार्च, रविवार

सकाळी निघाल्या. स्वरानं पिवळा फ्रॉक घातला, मीच इस्त्री केली. वैशालीनं साडी नेसली, कपाळाले बारीक टिकली. बारीकच. मी पाहिली, ती समजली मी पाहिली ते, तिनं पुसली नाही. मी म्हटलं, "उन्हाची टोपी घे पोरीले." कोपऱ्यावर बससाठी उभ्या होत्या तोवर मी फाटकाशी. स्वरानं एकदा हात हलवला, मंग आईचा पदर पकडला.

दिवसभर काय केलं. हॉल धुतला. उडदाची डाळ भिजत घातली, वडे करीन म्हणून. संगीताले फोन केला, म्हटलं, तुले राग आला असन तं येऊ दे. ती म्हणे, "तू ठरवलं का?" मी म्हटलं, नाही. खरंच नाही ठरवलं. अर्धा दिवस वाटते, पोरगी माझी, ठेवतो. अर्धा दिवस सासूचा तो घासलेला लोटा दिसते. दोन्ही बाजूनं बोलून पाहिलं, मोठ्यानं, घरात कोणी नव्हतं. "स्वरा इथं राहीन." हे म्हणताना आवाज नीट निघते. "घेऊन जा तिले." हे म्हणताना निघत नाही. पण ज्याचा आवाज नीट निघते तेच खरं असं थोडंच आहे.

वडे तळले. तीन जणींचे होतील इतके. मंग वाटलं, तिकडं जेवून येतील, कशाले तळले. झाकून ठेवले.

साडेपाच. कोपऱ्यावर बस थांबल्याचा आवाज आला, आता पोट्टीचा आवाज येऊन राहिला. बोलून राहिली काहीतरी, भरभर, खूप दिवसांनी. खूश आहे की भांडते आहे ते इथून समजत नाही.

वैशाली आत येईन, चप्पल काढन, हातपाय धुवन अन् माझ्याकडं पाहीन. मंग मले बोला लागन.